लाल अक्षरांतली गावं

शाळेच्या प्रकल्पासाठी भाची माझ्या संगणकावर बसली होती. विषय 'आमचा जिल्हा', म्हणजे वाशिम. मराठी विकिपीडियावरचा एक लेख उघडून ती वहीत काहीबाही उतरवून घेत होती. निळ्या अक्षरांतल्या नावावर टिचकी मारली की त्या नावाचं पान उघडतं, एवढं तिला ठाऊक होतं. मध्येच एक नाव लाल दिसलं. आमच्या शेजारचंच गाव, मानोरा तालुक्यातलं. तिनं उत्साहानं टिचकी मारली, तर माहितीच्या जागी एक कोरी चौकट उघडली. वर सूचना होती की या नावाचं पान अजून नाही, तुम्हाला लिहायचं असेल तर इथे लिहा. तिनं माऊसवरचा हात चटका बसल्यासारखा काढला.

"मामा, माह्याच्यानं काही बिघडलं का? हे लाल काहून हाय?"

काही बिघडलं नव्हतं. पण तिचा प्रश्न फार चांगला होता. जे पान मुळात लिहिलंच गेलेलं नाही, त्याच्याकडे जाणारा दुवा कुणी, का आणि कसा तयार केला? आणि संगणकाला कसं कळतं की हे नाव निळं रंगवायचं आणि ते लाल?

पाटी आहे, गाव नाही

आधी साध्या संकेतस्थळांवर काय होतं ते पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा दुव्याचा एक नियम मुद्दाम सैल ठेवला. कुणीही, कुणालाही न विचारता, कुठल्याही पानाकडे दुवा द्यावा. म्हणजे रस्त्याच्या कडेला दिशादर्शक पाटी रोवण्यासारखंच. पाटी लावणारा पुढच्या गावाची परवानगी काढत नाही, आणि आपल्या नावाच्या किती पाट्या कुठे उभ्या आहेत हे गावालाही माहीत नसतं. याच मोकळेपणामुळे वेब जगभर पसरलं. मात्र त्याची किंमतही आहे. गाव धरणाखाली गेलं, उठून दुसरीकडे वसलं, तरी पाटी जागची हलत नाही. तिच्या मागे गेलेल्या माणसाला शेवटी '४०४, पान सापडले नाही' हा निरोप मिळतो.

संकेतस्थळातला मजकूर लिहायला, मांडायला आणि बदलायला जी यंत्रणा वापरतात तिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात. वर्डप्रेस त्यातलं सगळ्यांत परिचयाचं नाव. तिथे दुवा द्यायचा तर पत्ता द्यावा लागतो, आणि पत्ता असायला पान आधी असावं लागतं. आधी घर, मग घर क्रमांक. अजून न बांधलेल्या घराचा पत्ता घातलाच, तर तो दुवा दिसायला इतरांसारखाच निळा दिसतो. वाचणारा आपटेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

विकीनं हा क्रम उलटा केला. तिथे दुवा पत्त्याकडे जात नाही, नावाकडे जातो. आणि नाव आधी ठेवता येतं.

एसटी स्टँडवर आपण काय करतो ते आठवा. गाडी फलाटाला लागते, दाराशी झुंबड असते, आणि कुणीतरी खिडकीतून आत रुमाल टाकतं. माणूस अजून गाडीत चढलेला नाही, पण जागा धरली गेली. लाल दुवा हा असा रुमाल आहे. फरक इतकाच की एसटीत रुमाल ज्याचा, जागा त्याची. विकीत रुमाल कुणीही टाकतो आणि येऊन बसतो भलताच. किंबहुना तसं व्हावं हीच अपेक्षा असते.

प्रश्नचिन्हापासून लाल रंगापर्यंत

ही युक्ती वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाची. ॲपल कंपनीच्या हायपरकार्ड नावाच्या प्रणालीत त्यांनी टिपणांची कार्डं एकमेकांना जोडून पाहिली होती. नसलेल्या कार्डाकडे जायला गेलं की नवं कार्ड तयार व्हावं, ही सोय तिथेच त्यांच्या हाताला लागली. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी जगातली पहिली विकी वेबवर खुली केली. 'विकी' हा हवाई बेटांच्या भाषेतला शब्द, अर्थ झटपट. होनोलुलू विमानतळावर फिरणाऱ्या बसचं नाव त्यांनी उचललं.

कनिंगहॅम यांच्या विकीत दुवा करायला वेगळी खूणच नव्हती. दोन इंग्रजी शब्द मधली जागा काढून जोडायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत लिहायचं, की तो आपोआप दुवा. त्या नावाचं पान नसेल तर शब्दाच्या शेपटाला एक प्रश्नचिन्ह लटकायचं. ते दाबलं की कोरं पान.

आता जरा थांबून विचार करा. ही पद्धत तशीच राहिली असती तर मराठीत विकी झाली असती का? देवनागरीला मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं असा भेदच नाही. आपली लिपी त्या दाराशीच अडली असती. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला तो याच जोडशब्दांच्या पद्धतीवर, पण पहिल्याच वर्षी दुहेरी चौकटी कंसांची सोय आली. [[वाशिम]] असं लिहिलं की दुवा तयार. कंसात कोणतीही लिपी चालते. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनीच, मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा हे दार उघडं होतं.

२००२ च्या जानेवारीत मॅग्नस मान्स्के या जर्मन तरुणानं विकिपीडियासाठी नवी प्रणाली लिहून दिली. ती पुढे पुन्हा नव्यानं लिहिली गेली, वाढत गेली, आणि आज तिला मीडियाविकी म्हणतात. प्रश्नचिन्ह मागे पडलं, लाल रंग रूढ झाला.

दोन वह्या

आता मुख्य प्रश्न. संगणकाला कळतं कसं?

समजा तुम्ही वाशिम जिल्ह्यावरच्या लेखात एक वाक्य लिहिलं: [[रिसोड]], [[मालेगाव]], [[मंगरूळपीर]], [[कारंजा]] आणि [[मानोरा]] हे इतर तालुके आहेत. जतन करा असं म्हटलं की मीडियाविकी तुमचा मजकूर वरपासून खालपर्यंत वाचते. दुहेरी कंस दिसला की आतलं नाव उचलते, त्या जागी तात्पुरती खूण ठेवते आणि पुढे जाते. रंग लगेच ठरवत नाही. सगळी नावं एका यादीत जमा होतात.

मग ती यादी पहिल्या वहीशी ताडून पाहिली जाते. ही वही म्हणजे हजेरीपट. विकीवर प्रत्यक्ष असलेल्या प्रत्येक पानाचं नाव त्यात असतं. वीस उतारे हवे असतील तर शहाणा माणूस तलाठ्याकडे वीस खेपा घालत नाही, एकच यादी नेतो. यंत्रणाही तेच करते, सगळ्या नावांची विचारणा एका दमात होते. जे नाव हजेरीपटात सापडलं ते निळं, जे सापडलं नाही ते लाल. तात्पुरत्या खुणा काढून त्यांच्या जागी रंगीत दुवे बसवले जातात. लाल दुव्याच्या पत्त्यात आणखी एक गोष्ट गुंफलेली असते: टिचकी मारणाऱ्याला वाचनाच्या नव्हे, लेखनाच्या खिडकीकडे न्या. भाचीसमोर कोरी चौकट उघडली ती म्हणूनच.

खरी करामत दुसऱ्या वहीत आहे. तिच्यात कोणत्या पानानं कोणाचं नाव घेतलं याची नोंद असते. 'जिल्ह्याच्या लेखानं मानोऱ्याचं नाव घेतलं', 'अडाण नदीच्या लेखानं कारंज्याचं नाव घेतलं', अशा ओळीमागून ओळी. आणि ज्याचं नाव घेतलं तो आहे की नाही, याची ही वही पर्वा करत नाही. नसलेल्या पानाचीही नोंद तितक्याच इमानानं होते. माझ्या मते सगळ्या रचनेतली सगळ्यांत सुंदर गोष्ट हीच.

कारण पुढचं पाहा. तयार झालेलं पान यंत्रणा दर वेळी नव्यानं रांधत नाही, एकदा शिजवून झाकून ठेवते आणि येईल त्याला वाढते. आता सहा महिन्यांनी कुणीतरी आमच्या शेजारगावाचं पान लिहिलं. ज्या दहा लेखांत ते नाव लाल होतं, ते दहाही लेख शिळे झाले. ते शोधायचे कसे? सगळे लेख पुन्हा वाचत बसायचं? गरज नाही. दुसरी वही उलट बाजूनं उघडायची: या गावाचं नाव कोणी कोणी घेतलं होतं? दहा ओळी सापडतात, त्या दहा पानांवर 'पुन्हा शिजवा' अशी खूण होते, आणि पुढचा वाचक येतो तेव्हा दहाही ठिकाणी नाव निळं दिसतं. ते दहा लेख लिहिणाऱ्यांना बोटही हलवावं लागत नाही. त्यांतला एखादा आज हयातही नसेल.

पान वगळलं गेलं तर हीच गाडी उलटी चालते, निळं पुन्हा लाल होतं. म्हणून लाल रंग पाहून हे पान अजून जन्मायचं आहे की येऊन गेलं, ते सांगता येत नाही. टिचकी मारल्यावर मात्र वगळल्याची नोंद समोर येते.

वेबवरच्या पाटीला हे जमत नाही, कारण तिथे पाट्यांची वहीच नाही. विकीत दुव्याची दोन्ही टोकं एकाच घरात असतात, म्हणून हिशेब ठेवता येतो. घराबाहेर जाणारे दुवे विकीतही मुकाट्यानं मरतात.

कारंज्याला, कारंज्यात, कारंज्याहून

मराठीत लिहिणाऱ्याची परीक्षा इथून पुढे आहे. यंत्राला अर्थ कळत नाही, त्याला फक्त अक्षरं कळतात. नाव अक्षरागणिक जुळलं तर निळं, नाहीतर लाल.

आपली भाषा तर नावाला तसंच राहू देत नाही. 'वाशिमला' म्हणताना नाव शाबूत राहतं, नुसता प्रत्यय चिकटतो. पण कारंजाला प्रत्यय लावला की त्याचं 'कारंज्या' होतं. घाईत कुणी [[कारंज्याला]] असं सगळंच कंसात घातलं, तर ते नाव हजेरीपटात सापडणार नाही. कारंजा लाड या ऐतिहासिक गावाचं, नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाचं, पान समोर असून दुवा लाल होईल. यावर उपाय आहे उभ्या रेघेचा. कंसात आधी पानाचं मूळ नाव, मग उभी रेघ, मग वाचकाला दिसायला हवं ते रूप: [[कारंजा लाड|कारंज्याला]]. रेघेच्या डावीकडचं यंत्रासाठी, उजवीकडचं माणसासाठी. पोहरादेवी, शिरपूर अशी नावं प्रत्यय लागला तरी जागची हलत नाहीत, मानोरा मात्र 'मानोऱ्या' होतो. मराठी संपादकाला व्याकरणातलं सामान्यरूप इथे रोज नव्यानं भेटतं.

मग लेखनभेद. वाशिम की वाशीम, मंगरूळपीर की मंगरुळपीर? दोन्ही रूपं पाट्यांवर आणि कागदांवर दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी गावं. त्यासाठी 'पुनर्निर्देशन' असतं: एका रूपाच्या नावानं छोटंसं पान करायचं, त्यात फक्त 'त्या पानाकडे जा' एवढं सांगायचं. सगळ्यांत छळवादी प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. 'कऱ्हाड'मधलं ऱ्ह टंकायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसरीत साध्या र ला हलन्त देऊन मागे एक अदृश्य जोडखूण टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत वेगवेगळे. माणूस शंभरदा ताडून पाहील, फरक सापडणार नाही, आणि दुवा लालच राहील.

तरी मी म्हणेन की चुकीच्या लालपेक्षा चुकीचा निळा वाईट. वाशिमच्या लेखात नुसतं [[मालेगाव]] लिहिलं तर वाचक नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात उतरण्याची भीती. [[शिरपूर]] लिहिलं तर त्याला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या शिरपूर जैनऐवजी धुळे जिल्ह्यातलं शिरपूर भेटू शकतं. कारंजाही एक नाही, वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे. असा दुवा निळा दिसतो, म्हणून कुणी पुन्हा तपासत नाही, आणि लिहायचं राहिलेलं पान कुणाला आठवतही नाही. त्यापेक्षा जिल्ह्याचं नाव जोडून नेमका दुवा द्यावा आणि तो खुशाल लाल दिसू द्यावा.

चौकट: दुवा लाल दिसला तर

• आधी शुद्धलेखन, ऱ्हस्व-दीर्घ आणि प्रत्यय तपासा. पान दुसऱ्या रूपानं असेल तर उभी रेघ वापरा.
• विकीच्या शोधपेटीत गावाचं दुसरं रूप टाकून पाहा. सापडलं तर पुनर्निर्देशन करा.
• खरंच पान नसेल आणि विषयावर विश्वासार्ह छापील मजकूर मिळण्यासारखा असेल, तर दुवा लालच राहू द्या.
• लाल दिसतो म्हणून काढून टाकू नका. काढला की दुसऱ्या वहीतली नोंदही पुसली जाते.

रुमाल कुणी टाकावा

नवीन संपादकांना लाल रंग खुपतो. लेख अपुरा वाटतो, परीक्षेच्या पेपरावर तांबड्या शाईचे शेरे पडल्यासारखा. मग ते कंस काढून टाकतात, लेख स्वच्छ दिसतो. हा मोह आवरला पाहिजे, आणि त्याला भक्कम कारण आहे. अथेन्समधल्या एका विद्यापीठातले डायोमिडिस स्पिनेलिस आणि पानायोटिस लुरिडास यांनी इंग्रजी विकिपीडियाचा सगळा इतिहास चाळून २००८ मध्ये आपले निष्कर्ष छापले. न लिहिलेल्या पानाकडे पहिला दुवा पडला की बहुतेकदा थोड्याच अवधीत ते पान लिहिलं जातं, असं त्यांना आढळलं. शिवाय दुवा देणारा आणि पान लिहिणारा बहुतांशी वेगवेगळे. रुमाल एकाचा, बसणारा दुसरा, हे नुसतं रूपक नाही.

दुसऱ्या वहीतून एक यादीही निघते: सगळ्यांत जास्त वेळा नाव घेतली गेलेली, पण नसलेली पानं. गावात पाण्याच्या टाकीची मागणी कोणत्या वाडीतून किती आली ते मोजावं तशी. यादी डोळे मिटून मानू नये. शंभर लेखांच्या तळाशी डकवलेल्या एका तयार तक्त्यात एक नाव लाल असेल, तर त्या एकाच मागणीची शंभर मतं पडतात. अशा यादीचा वरचा क्रमांक पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. मला स्वतःला यादीपेक्षा वाक्याच्या मधोमध आलेला लाल शब्द जास्त विश्वासाचा वाटतो. तिथे कुणीतरी लिहिता लिहिता थबकून विचार केलेला असतो की याविषयी वेगळं पान हवं.

आणि म्हणून दिसेल त्या नावाला कंस घालू नयेत. लेखात उल्लेख आलेल्या प्रत्येक सरपंचाचा, प्रत्येक देणगीदाराचा लाल दुवा करण्यात हशील नाही. त्या माणसाविषयी इतरांनी पुरेसं लिहून ठेवलेलं नसेल तर पान कधीच उभं राहणार नाही. गावाचं, नदीचं, धरणाचं, जुन्या मंदिराचं तसं नसतं. त्यांच्याविषयी गॅझेटियर असतं, जनगणनेचे तक्ते असतात. वाशिम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्याच्याविषयीचं जुनं छापील साहित्य अकोल्याच्या नावाखाली दडलेलं आहे. ते शोधून वाशिमच्या नावावर चढवायचं तर आधी निदान नावं लाल रंगात लिहून ठेवायला हवीत.

वत्सगुल्माचा लाल दुवा

पान नाही पण नाव आहे, ही स्थिती वाशिमला नवी नाही. वाशिमचं प्राचीन नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात इथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन हा तिचा संस्थापक. त्यानं महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. कृष्णानं सत्यभामेसाठी पारिजात आणला, ती कथा. आज या काव्याची एकही पोथी उपलब्ध नाही.

मग ते होतं हे कळलं कसं? दुव्यांवरून. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनानं त्याचं नाव घेतलं, पुढे कुंतकानं घेतलं, धारच्या भोजानं त्यातल्या गाथा उद्धृत केल्या, बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं उल्लेख केला. पान गेलं, पण दुसरी वही शिल्लक राहिली. कोणी कोणाचं नाव घेतलं हे लिहिलेलं असलं की हरवलेल्या गोष्टीची जागाही दिसत राहते.

आणि कधी कधी लाल दुवा निळा होतो. १९३९ मध्ये वाशिमला चार ताम्रपट मिळाले. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती यानं वत्सगुल्माहून दिलेलं ते दानपत्र. त्यातली वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. वाकाटकांची ही स्वतंत्र शाखा इतिहासात नीट उभी राहिली ती या ताम्रपटानंतर. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या शिलालेखात याच घराण्याची नावं होती, ती आता धड वाचता येऊ लागली. नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी त्या वाचनात मोठा वाटा उचलला. एक पान लिहिलं गेलं आणि दूरच्या भिंतीवरच्या नावाचा रंग बदलला.

त्या दानपत्रात दान दिलेल्या गावाचं नाव आहे: आकासपद्द. ब्राह्मणांना दिलेलं गाव, नंदीकडच्या उत्तर विभागातलं. नंदीकड म्हणजे नांदेड, असं मिराशींचं मत. आकासपद्द या नावाचं गाव आज नकाशावर नाही. भाचीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिनं विचारलं, लेखात हे नाव आलं तर त्याला कंस घालायचे की नाही?

घालायचे, म्हटलं. तिनं घातले.